विरजण, पखवाज आणि ओटीपी

आमच्या आणि वहिनींच्या आवाराच्या मधे चिऱ्यांचा गडगा आहे, कमरेइतका. फणसाजवळ त्याचे वरचे दोन चिरे कधीच ढासळलेत आणि ते पुन्हा बसवायचं दोन्ही घरांत कुणी मनावर घेत नाही. वाट्या, पातेली, पुस्तकं, आजारपणं, बातम्या, सगळं तिथूनच इकडचं तिकडे होतं. त्या दिवशी मी वाटी घेऊन तिथे उभी राहिले आणि हाक मारली, "वहिनी, चमचाभर विरजण द्या हो. आमचं मांजरानं लवंडलं."

वहिनी अंगणात सुपाऱ्या पसरत होत्या. हात पुसत आल्या, पण वाटी घेतली नाही. आधी स्वतःच्या मागे वळून पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं आणि आवाज इतका खाली आणला की मी समजले, आज दही उशिरा लागणार.

"बाई, खालच्या वाडीचे पंचवीस हजार आले."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? काल राती पखवाज ऐकलात ना? नवा हाय. जुन्याचा आवाज मला माहीत नाय होय? जुना म्हणजे पत्र्यावर फणस पडल्यागत."

आता हे पंचवीस हजार म्हणजे काय ते सांगायला हवं. २०२५ च्या गणपतीत सरकारनं जाहीर केलं, की राज्यातल्या १८०० भजनी मंडळांना साहित्य घ्यायला प्रत्येकी २५ हजार रुपये. एकूण साडेचार कोटी. ऐकायला केवढं वाटतं! पण आमच्याकडे वाडीला एक भजन असतं, मोठ्या वाडीत भांडण झालेलं असलं तर दोन. अख्ख्या महाराष्ट्राला १८०० म्हणजे लग्नाच्या पंगतीत पानाआड एक लाडू. तो आपल्याच पानात पडावा म्हणून अर्ज करायचा, तोही ऑनलाइन, २३ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर या दिवसांत.

आता पंचांग काढा. त्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. म्हणजे कोकणातल्या भजनी माणसाला श्वास घ्यायला फुरसत नसते नेमक्या त्याच पंधरवड्यात त्यानं फॉर्म भरायचा. या घरची आरती, त्या घरचं भजन, मधे उसळ, मधे चहा, रात्री दोनला घरी, सकाळी पुन्हा दूर्वा. तारखा ठरवणाऱ्यानं भजन ऐकलेलं असेल, केलेलं नसणार.

वहिनींच्या महिला मंडळाचा अर्ज आम्ही भरला तो गौरी गेल्यावर. आम्ही म्हणजे वहिनींचा बाळू, मी आणि वहिनी. मी का, तर मी निवृत्त शाळाबाई आणि वर गावच्या वाचनालयाची कार्यवाह. गावात कुणाला 'कार्यालय' हा शब्द असलेला कागद आला की तो माझ्या घरी येतो. बाळू का, तर तो डोंबिवलीहून गणपतीला आलेला आणि त्याच्या फोनला रेंज यायची. घरात नाही, सड्यावर. म्हणून आम्ही तिघं रात्री नऊला बॅटरी घेऊन सड्यावर कातळावर बसलो. बाळू विचारणार, वहिनी सांगणार, मी शुद्धलेखन बघणार.

"मंडळाचं नाव?"

इथेच अर्धा तास गेला. वीस वर्षं सगळे 'वरच्या वाडीतल्या बायकांचं भजन' म्हणतात, ते काही नाव नव्हे. वहिनी म्हणाल्या ग्रामदेवतेचं लावा. मी म्हटलं, खालच्या वाडीनं तेच लावलं असणार. "मग आमच्या मागं 'महिला' लावा," वहिनी म्हणाल्या, "ते काय तेवढं लावू शकत नायत."

"स्थापना?"

"बाळ्या, मोठा पूर आलेला नाय काय, मुंबई बुडाली, तुझा बाबा दोन दिवस लोकलात अडकला, त्या श्रावणात."

म्हणजे २००५. लिहिलं.

"अध्यक्ष कोण?"

वहिनी गप्प. मग म्हणाल्या, "अध्यक्ष असा कोण नाय. पेटी जिच्या घरी ठेवलेली ती." पेटी त्या वेळी होती कोपऱ्यावरच्या काकींच्या घरी, आणि काकींशी वहिनींचं शिमग्यापासून बोलणं नाही. शेवटी बाळूनं आईचं नाव अध्यक्ष म्हणून टाकलंन आणि म्हणालान, "पेटी उद्या आण." गंमत सांगते, दुसऱ्या दिवशी वहिनी खरंच जाऊन पेटी घेऊन आल्या. अनुदान मिळो न मिळो, त्या दोघींचं बोलणं सुरू झालं. पेटीवरून भांडायला का होईना.

फोटोचा घोळ निराळाच. वीस वर्षांत फोटो पुष्कळ निघालेत, पण ज्या नवऱ्यानं काढलाय त्यानं आपलीच बायको मधे घेतलीय आणि बाकीच्या अर्ध्या अर्ध्या. एका फोटोत भजन चांगलं दिसतं, पण पुढे बुंदीच्या लाडवांचं ताट इतकं मोठं आलंय की पाहणाऱ्याला वाटेल, हे खाद्यपदार्थांचं मंडळ. पैसे ठेवायला बँकेत खातं काढून दोनच वर्षं झाली होती, म्हणून वाचलो. त्याआधी मंडळाचा खजिना म्हणजे वहिनींच्या फडताळातला बोर्नव्हिटाचा डबा. हिशेब मात्र चोख, डब्याच्या झाकणाच्या आत पेन्सिलीनं.

बाळूनं बटण दाबलं तेव्हा साडेअकरा झाले होते. तीनदा ओटीपी आला आणि तीनदा वाऱ्यासारखी रेंज गेली. चौथ्यांदा 'सबमिट' झालं. वहिनींनी कातळावरच फोनला हात जोडले. आणि दोन दिवसांनी तो फोन खाडीत गेला. सार्वजनिकच्या विसर्जनाला बाळू मूर्तीबरोबर कंबरभर पाण्यात उतरला, खिशात फोन. गावात आठवडाभर हसले सगळे, की बाळूनं मोबाइलचं पण विसर्जन केलंन. वहिनी सोडून.

तर ते असो. वहिनींचं पुढे चालूच होतं. "आमच्या मंडळाचं काय झालं मग? ते आठ जण, आमी चौदा. त्यांचा बुवा तर सुरात पण गात नाय."

"सूर विचारला नव्हता फॉर्मात," मी म्हटलं.

"तेच म्हणत्ये मी!"

वहिनींना वाटतं, अनुदान म्हणजे बक्षीस. चांगलं काम करणाऱ्याला सरकारनं पाठ थोपटून द्यायचं. मलाही वाटायचं. पंधरा वर्षं वाचनालयाचे कागद केल्यावर आता वाटत नाही. अनुदान मिळतं ते संस्थेला नाही, संस्थेच्या कागदी जुळ्या भावंडाला. ते भावंड धडधाकट असलं की तुमची खरी संस्था आजारी असली तरी चालते. आणि खरी संस्था रोज संध्याकाळी दिवे लावून बसली असली आणि कागदी भावंड मेलेलं असलं, तर एक पैसा येत नाही.

"मेलेलं म्हणजे?"

"म्हणजे आपले अण्णा."

वहिनींचे डोळे चमकले. अण्णा आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष होते. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. पुढची निवडणूक झाली, नवे अध्यक्ष आले, हारतुरे झाले. पण नोंदणीकृत न्यासाचे विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, तो आमच्या त्या वेळच्या खजिनदारांनी दिलाच नाही. १९५० चा कायदा आहे, सार्वजनिक न्यासांचा, त्यात ते स्पष्ट लिहिलंय. बदल अर्ज मंजूर झाला की तिथल्या नोंदवहीत, जिला सगळे शेड्यूल वन म्हणतात, तिथे नवी नावं चढतात. आमच्या उताऱ्यात अजून अण्णाच. मी देणगीदाराकडे गेले, बँकेत गेले, सगळीकडे पहिला प्रश्न एकच: शेड्यूल वन आणा. आणलं की विचारतात, या गृहस्थांची सही कुठाय?

"यमानं नाव खोडलंन, यांनी नाय खोडलं," वहिनी म्हणाल्या. मग त्यांना एकदम काहीतरी आठवलं. "म्हणून काय हो बाई! पितृपक्षात अण्णांच्या पिंडाला कावळा दुपारपर्यंत शिवला नाय. थोरला नको नको ती वचनं देत होता. अध्यक्षपण सुटलेलं नाय, शिवणार कसा?"

मला हसू आवरेना. कुणाला सांगू नका, पण त्या महिन्यात मी सीएकडे तीन हेलपाटे घातले, ते देणगीसाठी कमी आणि त्या कावळ्यासाठी जास्त.

वहिनींनी एवढ्यात माझी वाटी घेतली खरी, पण हातातच ठेवली. "वाचनालयाला तर दर वर्षी मिळतात ना पैसे? तुमचं बरं हाय."

बरं आहे, असं मला सगळेच सांगतात. वाचनालयांचा कायदा १९६७ चा. राज्यात बारा हजारांच्या आसपास सार्वजनिक वाचनालयं मान्यता असलेली, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग. आमचं 'ड'. शाळेत मी कुणाला 'ड' दिला असता तर पालक भांडायला आले असते. 'ड' ला २०१२ पासून वर्षाला ३० हजार मिळायचे, २०२२ मध्ये साठ टक्के वाढ झाली तेव्हा ४८ हजार झाले. ऐकताना भरघोस. पण साधारण निम्मे पगारासाठी, उरलेल्यातले निम्मे पुस्तकांना आणि बाकीच्यात वीज, वर्तमानपत्रं, झाडू, सगळं. म्हणजे आमच्या ग्रंथपाल मुलीच्या वाट्याला महिन्याला दोन हजार. ती ग्रंथालयशास्त्राचा कोर्स करून आलेली आहे.

"दोन हजार?" वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसे ते मीच खाल्ले. "आमच्याकडं सुपारी काढायला येतो तो पाडेली चार दिवसांत घेतो तेवढे."

"पाडेल्याला झाडावर चढावं लागतं."

"हिला काय, शिडीवर चढावं लागत नाय?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. ती मुलगी संध्याकाळी तीन तास बसते आणि सकाळी पतसंस्थेत जाते, म्हणून वाचनालय चालू आहे. लग्न ठरलं तर काय, हा विषय कार्यकारिणीच्या प्रत्येक सभेत 'आयत्या वेळच्या विषयां'त निघतो, आणि मग सगळे तिला स्थळ आणायचं नाही असं हळूच ठरवतात. हे पाप आहे, मला कळतं.

शिवाय पैसे आधी खर्च करायचे, मग हिशेब तपासून घ्यायचे, अहवाल द्यायचा, आणि हप्ते येतात तेव्हा येतात. मार्च उजाडला की मी रोज बँकेचं पासबुक छापून आणते. बँकेतला मुलगा आता मला बघितलं की मशीनच चालू करतो.

पूर्वी असं नव्हतं. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. चिपळूणचं वाचन मंदिर १८६४ चं. २०२१ च्या २२ जुलैला शहरात पूर आला तेव्हा तिथे पाणी शिरलं आणि लोकांनी पुन्हा उभं केलं. ही वाचनालयं निघाली तेव्हा कुणी 'ड' म्हटलं नव्हतं. चार वकील, दोन मास्तर, एक व्यापारी बसले, वर्गणी काढली, पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रं मागवली. त्यांनी कुठे बदल अर्ज दिले असतील असं मला वाटत नाही. पण हेही खरं, की तेव्हा वाचनालयात कुणी बाई यायची नाही, आणि आज आमच्याकडे निम्म्याहून जास्त सभासद बायका आहेत आणि त्यांची वर्गणी महिना दहा रुपये आहे. दहा रुपयांत वर्तमानपत्रसुद्धा येत नाही आठवडाभर. मग अनुदान लागतंच. मी नाक मुरडते आणि अर्जही भरते, दोन्ही.

"वर्ग वाढवून का नाय घेत?" वहिनी म्हणाल्या. हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला असता तर मी समजावलं असतं. पण वहिनींनी हा प्रश्न विचारावा!

झालं असं, की २०१२ मध्ये राज्यभरातल्या सगळ्या वाचनालयांची पडताळणी झाली. महसूलची माणसं दारोदार. कागदावर वाचनालय आणि जागेवर गोठा, असले प्रकार बरेच असतील म्हणून. त्यानंतर नवी मान्यता आणि वर्ग वाढवणं कित्येक वर्षं बंदच राहिलं. आमच्याकडे साहेब आले. वाचनालय जागेवर, ग्रंथपाल जागेवर, रजिस्टर सुबक. पुस्तकं मोजली तर एकतीस कमी. साहेब चांगले होते. म्हणाले, बाई, चहा घेतो, तोवर शोधा. मी आणि शिपाई वाडीत धावत सुटलो. एकेका घरातून पुस्तकं निघायला लागली, उशाखालून, पिठाच्या डब्यावरून. एकानं दासबोध खाटेच्या पायाखाली घातला होता. तीस मिळाली. एकतिसावं स्वयंपाकाचं जाडं पुस्तक, ते मिळालं नाही, आणि ते कुणाकडे होतं ते मला त्या वेळी माहीत नव्हतं.

"मला तेव्हा बरं नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "मी झोपल्ये होते. आणि ते पुस्तक मी चोरलेलं नाय, नेलं होतं."

"तेरा वर्षं झाली वहिनी."

"त्यातली पुरणपोळी तुम्ही पण खाल्लीत."

हेही खरं होतं. मी विषय बदलला.

विषय बदलायला माझ्याकडे भाचा आहे. भाचा पुण्यात एका मोठ्या कंपनीत आहे, त्यानं मला दोन वर्षांपूर्वी सांगितलं, मावशी, कशाला सरकारच्या मागे लागतेस, सीएसआर बघ. कंपनी कायदा २०१३ चा, कलम १३५. ज्यांची उलाढाल हजार कोटींच्या वर, किंवा निव्वळ नफा पाच कोटींच्या वर, अशांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. मला वाटलं, दोन टक्क्यांतले दोन टक्के जरी आमच्याकडे वळले तरी छपराचे पत्रे बदलतील. भाच्यानं एक मुलगी जोडून दिलीन फोनवर. गोड मुलगी. तिनं आधी बारा-ए आहे का विचारलं, मग ऐंशी-जी, मग सीएसआर-वन नंबर. हा सीएसआर-वन १ एप्रिल २०२१ पासून लागतो, त्याच्याशिवाय कंपनी पैसे देऊ शकत नाही. आमच्याकडे बारा-ए होतं, ऐंशी-जी होतं. ते घेतलंय मुंबईकरांसाठी. शिमग्याला येतात, पालखीपुढे नाचतात आणि वाचनालयाला पाच हजार रोख देऊन म्हणतात, ऐंशी-जीची पावती द्या. रोख दोन हजारांच्या वर गेलं की आयकरात सवलत नाही, हे मी दर शिमग्याला सांगते. दर शिमग्याला ते म्हणतात, मग दोन-दोन हजारांच्या अडीच पावत्या फाडा.

सीएसआर-वन सीएनं काढून दिला. मग त्या मुलीनं एक फॉर्म पाठवलान, चौदा पानांचा, इंग्रजी. त्यात एक रकाना होता, तुमची 'थिअरी ऑफ चेंज' काय?

"चेंज म्हणजे सुट्टे?" वहिनी म्हणाल्या.

"नाही हो. बदल. तुम्ही वाचनालय चालवल्यामुळे गावात काय बदल होणार, कसा होणार, कशावरून झाला म्हणायचं."

"पुस्तकं वाचतात, आणखी काय बदल?"

"ते आउटपुट झालं. त्यांना आउटकम हवंय."

वहिनींनी गडग्यावर कोपर टेकलं. विचार केला. मग म्हणाल्या, "म्हणजे कीर्तनाला किती आले ते आउटपुट. आणि किती जणांनी दारू सोडली ते आउटकम."

मी तशी थक्क झाले. एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलं होतं मी तालुक्याला, जेवणासकट, त्यात इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि सोडली का कुणी?" मी विचारलं.

"कीर्तन ऐकून? आमच्या ह्यांनी सोडली ती डॉक्टरनं सांगितलंन म्हणून. पण ते कीर्तनकार बुवा सगळीकडं सांगतात माझ्यामुळं सोडली."

तर बुवांनी भरला असता तो फॉर्म. मला नाही जमलं. मी प्रामाणिकपणे लिहिलं, की वाचनालय बंद पडलं तर संध्याकाळी म्हातारी माणसं कुठे बसतील ते मला माहीत नाही, आणि दहावीतली तीन मुलं घरी जागा नाही म्हणून आमच्याकडे अभ्यासाला बसतात. मुलीनं गोड आवाजात फोन केलान, मॅडम, तीनचा आकडा थोडा लहान वाटतो. मी म्हटलं, खोली लहान आहे.

खोली मोठी करायचीच होती. तिथेही पायऱ्या आहेत. राजा राममोहन रॉय यांच्या नावाचं प्रतिष्ठान आहे, कोलकात्याला, १९७२ पासून. केंद्राचं. त्यांच्या काही योजना समान निधीच्या, काही असमान निधीच्या. वहिनींना 'असमान निधी' शब्द फार आवडला. म्हणाल्या, "आमच्या घरी सासूबाई असताना असमान निधीच होता." समान निधी म्हणजे काय ते सांगायला मला वाटीच कामाला आली. एकानं दूध घालायचं, दुसऱ्यानं विरजण. दोघांनी घातलं तर दही. देणारे पुष्कळ जण असंच म्हणतात, आधी तुमचं दूध दाखवा.

"आणि दूध नसेल ज्याच्याकडं?"

"तर त्याला विरजण मिळत नाही."

"आणि दूध असंल त्याला विरजण शेजारून पण मिळतं," असं म्हणून त्यांनी वाटीकडे पाहिलं आणि आत निघाल्या. पण दोन पावलांवर थांबल्या, कारण मी जागेचं बोलायला लागले होते, आणि जागेचं बोलणं कोकणात कुणी अर्धं टाकून जात नाही.

वाचनालयाची जागा अण्णांच्या आजोबांनी दिली. तोंडी. "बांधा रे पोरांनो," एवढंच कागदपत्र. सातबाऱ्यावर वाचनालयाचं नाव इतर हक्कातसुद्धा नाही. सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत, त्यातली सहा वारलेली, पाच मुंबईत, दोघं एकमेकांवर कोर्टात, आणि एक बडोद्याला आहे असं सगळे म्हणतात पण पाहिलेलं कुणी नाही. इमारतीसाठी कुणाहीकडे मागायला गेलं की पहिला प्रश्न, जागा संस्थेच्या नावावर आहे का? खासदार निधीचं एकदा सुचवलं कुणीतरी. खासदाराला वर्षाला पाच कोटी असतात मतदारसंघातल्या कामांना. पण ते पैसे आपल्या हातात येत नाहीत, काम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, आणि तिथेही जागेचा प्रश्न आधी. शेजारच्या गावात झालंय असं सभागृह. फलक सभागृहापेक्षा लांबून दिसतो.

"सतरा सह्या तुम्ही आणाल," वहिनी म्हणाल्या. "अण्णांच्या थोरल्याला मी पटवीन. तो माझ्या माहेरचा जावई लागतो लांबून. पण त्याची बायको... ती मागच्या मे महिन्यात आलेली, तर पाहुणी यायची म्हटल्यावर घराला रंग काढला, आणि ती हॉटेलात उतरली." यानंतरचं दहा मिनिटांचं इथे देता येत नाही. त्याचा अनुदानाशी संबंध नव्हता, आणि माझ्या मनात फार दिवस असलेल्या दोन शंका त्यात फिटल्या, एवढं पुरे.

तेवढ्यात खालच्या वाडीतला गजा पाणंदीतून वर आला, खांद्यावर शेंदरी कापडात गुंडाळलेला पखवाज. वहिनींनी हाकच मारली. "गजा, पैशे आले काय रे तुमचे?"

"कसले?"

"भजनाचे. सरकारचे."

"कुठले ओ काकी! आमचा अर्जच नाय गेला. शेवटच्या दिवशी बसलो, तर सगळी विसर्जनाला. हा पखवाज तात्यांच्या मुलानं दिलान, दुबईवाल्यानं. नवस होता." आणि जाता जाता म्हणाला, "तुमचा गेलाय म्हणतात अर्ज. तुमच्या फोनवर मेसेज येईल बघा."

वहिनींचा चेहरा एकदम मोकळा झाला. मग तसाच मोकळा राहिला आणि हळूहळू वेगळा व्हायला लागला.

"बाई," त्या म्हणाल्या, "सड्यावर नंबर कोणाचा घातलात?"

"बाळूचाच. ओटीपी त्याच्यावरच येत होता ना. का?"

"त्याचा तो नंबर... तो फोन खाडीत गेला नाय काय. मग कंपनीनं नवा दिलान, नव्या नंबराचा. म्हणालान, जुनं सिम काय चालू करत बसू, कोण करतं त्याच्यावर फोन."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. खाली पाणंदीत गजानं चालता चालता पखवाजावर एक थाप मारली. चांगला वाजत होता.

"नवा नंबर कुठाय?" मी विचारलं.

"कालनिर्णयवर. स्वयंपाकघरात." वहिनी वळल्या आणि पदर खोचून तरातरा आत गेल्या. माझी वाटी त्यांच्याच हातात होती.